आमनाबाईंच्या खिडकीतला डबा

“आंटी, हमारा डब्बा बेच डाला क्या?” हे आमनाबाईंना तोंडावर विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी दिशाला लावली. आणि आमची दिशा! शाळेत भाषणात पहिली आल्यापासून ती कोणाला घाबरत नाही. गेली तडक, आणि विचारलंच.

मित्रांनो, मी तेव्हा त्यांच्या खिडकीतच होतो. मी एक जुना स्टीलचा डबा आहे. माझ्यावर ‘गोदा’ असं नाव कोरलंय. ती दिशाची आजी, आता नाही. म्हणून तर दिशाच्या आईचा, उत्तराचा, माझ्यावर फार जीव.

शीळफाट्याजवळ दिशाच्या घरच्यांचं शेत होतं, तिथे तिच्या बाबांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्यातल्या एकीत आमनाबाई छोट्या लेकीला घेऊन आल्या, पार सुदानहून. तिकडे त्यांच्याच देशातल्या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. घर गेलं, नवऱ्याचा अजून पत्ता नाही.

शिमग्याला उत्तराने माझ्यातून त्यांना पुरणपोळ्या पाठवल्या. तेव्हा मोबाइलवर ते युद्ध बघून साऱ्या बायका हळहळायच्या. पुढे युद्ध तसंच राहिलं, बघणारे कंटाळले. पाण्याचा टँकर उशिरा आला की बोट आमनाबाईंकडे. त्यात मी परत गेलो नाही, तर म्हणे, बघा, डबासुद्धा गिळला. शेवटी बाबांनी त्यांना खोली सोडायला सांगितलं.

आमनाबाई मला रोज घासून, पुसून ठेवायच्या. दिशाला त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “हमारे यहाँ बर्तन खाली नहीं लौटाते. कुछ अच्छा बनाती, फिर देती.”

दिशाचं तोंड एवढंसं झालं. आजीचीही हीच रीत होती.

आमनाबाईंनी निघण्यासाठी बांधून ठेवलेल्या बोचक्यांकडे पाहिलं; भांडीकुंडी त्यातच होती. मग माझ्यात काहीतरी ठेवलं, झाकण लावलं आणि मला दिशाच्या हातात दिलं.

“मिळाला गं बाय माझ्या सासूचा डबा,” म्हणत आईने मला उराशी धरलं. उघडलं, तर आत खोलीची चावी. बाबांनी चावी ओळखली आणि नजर पंख्याकडे वळवली.

मित्रांनो, मला पोचा आला तरी माझं काही अडत नाही. पण ज्याचं घरच गेलंय, त्याला आणखी ठोके देऊ नका.

दिशाने झाकण घट्ट लावलं.

“आई, बाबा, डबा रिकामा परत द्यायचा नसतो ना? मग मी हा चावीसकट आंटींना परत देऊन येतेय. ओरडायचं असेल तर आल्यावर ओरडा.”