अकरा रंगांखालचा हात

ऐक नुसतं. मधे बोलू नकोस, नाहीतर मी थांबेन, आणि एकदा थांबले की मला परत सांगवणार नाही. तर मी हवेलीच्या जिन्याच्या मधल्या चौकात उभी, हातात शॉटसाठी भिंतीवरून काढलेला आरसा, चांगला जड, आणि खालून म्हातारा धापा टाकत वर येतोय. "लावा तो परत! होता तिथे लावा आधी!"

मला वाटलं आरसा महागाचा असेल. म्हटलं, "काका, नाही फुटणार, फोटो काढते आणि लावते."

माझं काम तुला माहितीये, कंटिन्युइटी. सकाळच्या शॉटमध्ये हिरोच्या डाव्या हातात कप असेल तर संध्याकाळी तो उजव्यात दिसता कामा नये. म्हणून काहीही हलवायच्या आधी फोटो, हलवल्यावर फोटो, परत ठेवल्यावर फोटो. पंधरा दिवसांत मला कोणी नावानं हाक मारली नाही. "ए कंटिन्युइटी!" बस, एवढंच.

म्हाताऱ्यालाही कोणी नावानं बोलवायचं नाही. तो हवेलीचा राखणदार, चाळीस वर्षं मागच्या खोलीत राहतोय. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "आमच्या जिन्यावरून पेट्या ओढत नेऊ नका." आमचा मॅनेजर तर अशा संधीची वाटच बघत असतो. "आमच्या? अरे, वारसदार आले! खुर्ची आणा, पंखा लावा!" तेव्हापासून अख्खं युनिट त्याला वारसदार म्हणायचं. मीही एकदा म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू?

तर आरशामागे काय होतं सांगू? भिंतीत एक चौकोन, वहीच्या पानाएवढा. म्हणजे तेवढा भाग सोडून सगळीकडे रंग मारलेला, एकावर एक इतके थर की कडेला पायरी तयार झाली होती. आणि आत, खाली, जुन्या पांढऱ्या भिंतीवर एक निळा हात उमटलेला. लहानसा. करंगळी वाकडी.

म्हातारा वरच्या पायरीवर बसला. श्वास घेतला. "आता बघितलंच आहे तर नीट बघा," म्हणाला, आणि उठून नखानं एकेक थर दाखवायला लागला. "हा हिरवा. त्या पिक्चरात हवेली इस्पितळ होती. हा काळा, भुताच्या पिक्चरचा. हा गुलाबी, यात मंत्र्याची ठेवलेली बाई राहायची. हा पिवळा, हे कोर्ट. अकरा रंग आहेत, मोजून घ्या. लोक गाड्या करून येतात आणि विचारतात, मंत्र्याची बाई जिन्यावरून कुठे पडली हो? मी पायरी दाखवतो. ते त्या पायरीवर बसून फोटो काढतात. खरं कोण पडलं ते कोण विचारतंय?"

"कोण पडलं?" मी विचारलं.

"आमची ही."

त्याची बायको तिथे लादी पुसायची. त्या आठवड्यात कठड्याला निळा रंग चालला होता. ती बादली घेऊन वर येताना तिला चक्कर आली, तिनं ओला कठडा धरला, तो हात सुटला, मग भिंत धरली. आणि तशीच खाली घसरत बसली. मालकीणबाई वरून बघत होत्या. काय म्हणाल्या असतील? "नवी भिंत घाण केलीस!" हिला बसल्या जागी रडू आलं. चौथ्या दिवशी ती गेली. हृदय, म्हणाले डॉक्टर.

"ती करंगळी," म्हातारा म्हणाला, "या घराच्या दारानंच मोडली होती. मोठ्या दाराच्या फटीत सापडली. सरळ बसलीच नाही परत."

डाग झाकायला मालकीणबाईंनी आरसा लावला. पुढे त्या दुसरीकडे राहायला गेल्या आणि हवेली शूटिंगला द्यायला लागल्या. दर युनिटच्या रंगाऱ्याला म्हातारा सांगायचा, "एवढा चौकोन सोडा, बाईंचा हुकूम आहे." बाईंना पत्ताच नाही! अकरा वेळा थाप मारली त्यानं. आणि रोज सकाळी सातला, झाडलोट करायच्या आधी, आरसा काढून त्यावर हात ठेवायचा. मिनिटभर. मग आरसा परत जागेवर आणि दिवस सुरू.

"तुम्हीही रंग मारणार असाल," तो म्हणाला. "एवढं सोडा. आणि कुणाला सांगू नका."

मी म्हटलं, "काका, शपथ."

आणि नाही सांगितलं गं! तोंडातून अक्षर काढलं नाही. पण जेवणाच्या सुट्टीत मी रोज सकाळचे सगळे फोटो युनिटच्या ग्रुपवर टाकते. सगळे निवडायचे, पाठवायचे, वरण-भात काय असेल तो जेवायचा, संपलं. हात इतका सरावलाय की बघतही नाही. त्या दिवशी बासष्ट फोटो गेले. त्यात एक हाताचा.

मी घास तोंडात घालतेय आणि पलीकडच्या टेबलावरून डायरेक्टर ओरडला, "हे कुणी केलंय? कंटिन्युइटी, इकडे ये! हे काय आहे?"

मला वाटलं खरं सांगितलं तर लाजेल, सोडून देईल. काय अक्कल माझी! म्हटलं, "सर, ते राखणदाराच्या बायकोचं आहे. ती वारलीय. प्लीज, त्याला हात नको लावायला."

"वारलीय?" त्याचे डोळे असे चमकले ना. "मग तर काय हवं! हिरॉइन रक्ताळलेला हात बरोबर त्याच हातावर ठेवते. आज आत्ता घ्यायचा हा शॉट."

म्हातारा धावत आला. "बाईंनी मनाई केलीय," म्हणाला. मॅनेजरनं सरळ मालकीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळं युनिट ऐकतंय.

"अजून आहे तो डाग?" बाई म्हणाल्या. "मी तर कधीच पुसायला सांगितलं होतं. ही माणसं ना! घेऊ दे त्यांना काय घ्यायचंय ते. नंतर भिंत एकसारखी करून द्या म्हणावं."

"बाईसाहेब, ते हिचं..." म्हातारा फोनकडे वाकला.

"तुला खोली दिलीय ना मागे? मग पुरे की."

फोन ठेवला. मॅनेजर म्हणाला, "ऐकलंत ना वारसदार? आता असं करा, इथेच थांबा आणि फडकी धरा."

आणि त्यानं धरली. खरंच सांगते, तो निघून जाईल असं मला वाटलं होतं. पण गेला नाही. रंगारी जोरात घासत असला की "जरा हळू" म्हणायचा. त्यासाठीच थांबला होता तो.

पहिला टेक. हिरॉइननं लाल हात ठेवला. कट. लाल पुसायचं, थिनर लावून, नाहीतर निघत नाही. दुसरा टेक, तिचं बोट तिरकं पडलं. परत थिनर. तिसऱ्याला ती हसली. चौथ्याला लाइट गेले. पाचव्याला म्हणे डोळ्यांत दुःख नाही. दरवेळी फडकं लाल होऊन म्हाताऱ्याच्या हातात यायचं. सातव्याला फडक्यावर लालबरोबर निळं दिसलं. ते दोघांनाच दिसलं, मला आणि त्याला. तो माझ्याकडे बघत होता. मी हातातल्या पाटीवर लिहिलं, टेक सात, पदर उजव्या खांद्यावर.

नवव्याला डायरेक्टर टाळ्या वाजवत उठला. भिंतीवर नुसता गुलाबी ढग राहिला होता.

म्हातारा फडकी गोळा करून गेला. टाकली नाहीत, घेऊन गेला.

आता पुढचं ऐक. संध्याकाळी डायरेक्टर म्हणतो, "उद्या त्या हाताचा एक जवळून शॉट हवा, रक्त लागायच्या आधीचा. फोटो आहे ना? जुळवून दे. फरक दिसला तर तू आणि तुझी पाटी, दोघी घरी."

सकाळी सहाला मी तिथे हजर. आर्टवाल्यांकडून निळा रंग घेतला. फोटो समोर ठेवला. माझा हातही लहानच आहे. करंगळीला रबरबँड लावून ती वाकडी ओढून धरली. वर्तमानपत्रावर अकरा-बारा वेळा उमटवून बघितलं, मग भिंतीवर. हेअरवाल्या ताईंच्या ड्रायरनं वाळवलं, चहाच्या पाण्याचा हात फिरवला, थोडी धूळ फुंकली. आणि काय सांगू, हुबेहूब! माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. आणि डोक्यात एकच, अजून सात वाजायचेत. म्हाताऱ्याला वाटेल वाचला हात. त्याचंही भलं, माझंही भलं.

सातला तो आला. थबकला.

मी बोलून गेले, "काका, खाली राहिला होता तो! वरचं लाल मी नीट काढलं, तर निघाला बघा."

"हो का?" म्हणाला.

जवळ गेला. चष्मा वर केला. मग रोजच्यासारखा तळवा ठेवला, बोटावर बोट. मिनिटभर. मला इतकं बरं वाटलं, शपथ, मला वाटलं मी देवाचं काम केलं.

त्यानं हात काढला. माझ्याकडे वळला.

"पोरी," म्हणाला, "तुझ्या नखांत निळं राहिलंय. रॉकेल लाव, निघेल."

रागानं नाही गं. आपण एखाद्याला सांगतो ना, पाठीला कागद चिकटलाय, तसं.

मी म्हटलं, "काका, फोटो आहे माझ्याकडे खरा. मोठा छापून देते, फ्रेम करून देते."

"फोटोवर हात ठेवला तर काच लागते," तो म्हणाला.

आरसा भिंतीला टेकून उभा होता. रोज तो उचलून जागेवर टांगायचा. त्या दिवशी उचलला, बगलेत घेतला आणि जिना उतरून मागे निघून गेला. आता झाकायला होतंच काय?

तेवढ्यात डायरेक्टर आला, भिंतीजवळ वाकून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शाब्बास! खऱ्यापेक्षा खरा दिसतोय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला त्यानं नावानं हाक मारली. आणि मी, बघ ना, मी थँक्यू म्हटलं.

आता बोल. तू असतीस तिथे, सहा वाजता, रंग हातात घेऊन, तर काय केलं असतंस?