कुलपातलं खुराडं

मित्रांनो, मला खुराडं म्हणणाऱ्यांच्या अकलेची मला कीव येते. जरा जवळ येऊन नीट बघा. कमरेपर्यंत पक्क्या विटा, वर जाड पन्हाळी पत्रा, लोखंडी चौकट आणि दाराला हातभर कोयंडा. कोंबड्यांसाठी एवढा थाट कोणी करतं का? मी एक जुनी स्टोअररूम आहे. हल्ली माझ्या अंगाला कोंबड्यांचा वास येतो, ही गोष्ट वेगळी.

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक लहानशी कॉलनी आहे. तिथल्या एका बैठ्या घराच्या परसात मी उभी राहिले, ते साल चौऱ्याहत्तर. घराचा मालक सावळीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरकीपर होता आणि त्या वर्षी तो नोकरीत कायम झाला. अशा वेळी लोक पेढे वाटतात. यानं मला बांधलं. त्याच्या बायकोला, यशोदाबाईला, त्या जागी शेवगा लावायचा होता, पण तिला कोणी विचारलंच नाही. नोकरीतलं स्टोअर साहेबांचं, हे मात्र माझं स्वतःचं, असं सावळीराम येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

माझ्या पोटात काय नव्हतं ते विचारा. वायरींची वेटोळी, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेल्या छिन्न्या, पाती नसलेला पंखा, झाकणांशिवायचे डबे, डब्यांशिवायची झाकणं. सिमेंटची एक गोणी तर न उघडताच आतल्या आत दगड झाली. यातल्या एकाही वस्तूचा कोणाला कधी उपयोग झाला नाही, आणि आम्हाला त्याचाच अभिमान होता. वापरली की वस्तू झिजते, हे शेजारपाजारच्या अडाण्यांना कोण सांगणार?

सावळीरामचे नियम दोन. पहिला, स्टोअरमधली वस्तू बाहेर जात नाही. दुसरा, काढायचीच वेळ आली तर आधी आलेला माल आधी काढायचा, म्हणजे जुनं पडून सडत नाही. हा दुसरा नियम तो नोकरीत शिकला होता. घरी मात्र पहिल्या नियमामुळे दुसऱ्याची पाळी कधी आलीच नाही.

कुंपणापलीकडे रंगूबाई राहायची. मोठ्या आवाजाची बाई, आणि तिच्या अंगणात गावरान कोंबड्यांचा उच्छाद. त्यांना रात्री ती बांबूच्या डालग्याखाली झाकायची. छप्पर नाही, भिंत नाही, नुसती पालथी टोपली. मी त्या डालग्याकडे कधी मान वळवून पाहिलं नाही. एकदा रंगूबाईच्या मुलीची हळद होती आणि आभाळ भरून आलं होतं. रंगूबाई मांडवावर टाकायला ताडपत्री मागायला आली. ताडपत्री माझ्याकडे होती, घडी न मोडलेली. सावळीराम माझ्या दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "स्टोअरमधली वस्तू बाहेर जात नाही."

हळद पावसात झाली. दुसऱ्या दिवसापासून रंगूबाईनं कुंपणावरून बोलणं टाकलं. ती ताडपत्री पुढे माझ्या पोटातच उंदरांनी खाल्ली. आमच्या मालकानं त्या चिंध्यासुद्धा घडी घालून ठेवल्या, यावरून काय ते समजा.

त्र्याऐंशी साली सावळीरामची लेक चांगुणा माहेरी आली. तिला सटाण्याकडे दिलेली. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं आणि आता पुन्हा दिवस गेले होते. पोरीचा चेहरा पांढरा फटक, ओसरीच्या दोन पायऱ्या चढली तरी भिंतीला टेकायची. अंगात रक्त नाही, रोज एक अंडं खाऊ घाला, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. बाजारचं अंडं तिच्या पोटात ठरेना. वास आला की उलटी. आईनं कुठून तरी एक गावरान अंडं मिळवलं, ते मात्र तिनं खाल्लं आणि पचवलं.

"रंगूबाईकडं हायेत की गावरान," सावळीराम म्हणाला.

"हायेत," यशोदाबाई म्हणाली. "पण मागायला तोंड ठेवलंय का तुम्ही?"

यशोदाबाईनं पदर खोचला, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ही खोली मला पाहिजे. कोंबड्या पाळणार हाय मी."

मित्रांनो, मला वाटलं आता आकाश कोसळेल. पण लेकीचा चेहरा पाहिला की सावळीरामला फार भांडता येत नसे. त्यानं चावी काढून दिली, ती अशी की जणू स्वतःची बोटं कापून देतोय. यशोदाबाईनं दोन दिवस माझं पोट उपसलं. पंखा, डबे, झाकणं, सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलं. ताडपत्रीच्या चिंध्या बाहेर आल्या तेव्हा रंगूबाई कुंपणाशी उभी होती. ती नुसती बघत राहिली. सावळीराम पाठ फिरवून घरात गेला.

मग माझी विटंबना सुरू झाली. भिंतींना चुना फासला. जमिनीवर वीज केंद्रातली कोळशाची राखड पसरून वर भाताचं तूस टाकलं. आडव्या बांबूंवर कोंबड्या बसणार म्हणे. द्राक्षांची दोन रिकामी खोकी आणून त्यांत गवत भरलं आणि कोपऱ्यात मांडली, अंडी घालायला. फुटक्या माठाच्या बुडात पाणी. एवढ्या मजबूत वास्तूत फुटका माठ! यशोदाबाई मात्र लग्नघर सजवावं तशी मागे सरून-सरून माझ्याकडे बघत होती.

आधी तिनं निफाडजवळच्या माहेराहून एक तांबडी आणली. तोरा तर असा की राणी वाड्यात यावी. आल्या-आल्या माझ्या उंबऱ्यावर घाण केली. पुढच्या आठवड्यात चार तलंगा आल्या. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. भित्र्या, बावळट, आणि स्वतःच्याच सावलीला दचकणाऱ्या.

कोंबड्या आल्या तरी सावळीरामच्या डोक्यातलं स्टोअर काही गेलं नाही. चावी त्यानं परत घेतली. सकाळी ड्युटीवर निघताना तो दाराला कुलूप घाली आणि संध्याकाळी परत आल्यावर उघडी. स्टोअर उघडं टाकून जायचं नसतं, म्हणे. मला खिडकी नव्हती. तांबडी दिवसभर काळोखात बसून राही आणि अंड्याचा पत्ता नाही.

"अहो, उजेड लागतो त्यांना. खिडकी काढा," यशोदाबाई म्हणाली.

"स्टोअरला खिडकी? म्हणजे चोराला आवतणच."

"कोंबड्या हायेत त्या, नट-बोल्ट नाय."

"खिडकी असलेलं स्टोअर मी जन्मात पाहिलं नाही," असं म्हणून तो कुलूप ओढून बघत निघून गेला.

तो नजरेआड होताच यशोदाबाईनं त्याच्याच छिन्न्या काढल्या. भंगारातून तिनं त्या तेवढ्या बाजूला ठेवल्या होत्या. वर्षानुवर्षं ग्रीसमध्ये निजलेली छिन्नी पहिल्यांदा कामाला लागली, आणि तीही माझ्याच अंगावर. पत्रा कापताना झालेला आवाज मला अजून आठवतो. भोक पाडून तिनं त्याला बिजागरीवर उघडणारी जाळी बसवली आणि तिच्याखाली द्राक्षांचं खोकं सरकवलं, हात घालून अंडं काढता यावं म्हणून. जाळी उघडी ठेवली की कोंबड्याही तिथूनच परसात उतरत आणि तिथूनच परत येत.

संध्याकाळी सावळीरामनं खिडकी पाहिली. मग त्यानं काय केलं असेल? दाराचं कुलूप ओढून पाहिलं. मित्रांनो, त्या दिवसापासून कोंबड्या खिडकीतून ये-जा करत आणि हा शहाणा रोज न चुकता दाराला कुलूप लावी. कोणाला हसावं, कोंबड्यांना की मालकाला, हे मला कळेना.

खिडकी झाली आणि तांबडी अंड्यावर आली. रोज सकाळी ओरडून कॉलनी डोक्यावर घ्यायची, जसं काही मोठं रण जिंकलं. यशोदाबाई खिडकीतून हात घालून ऊन-ऊन अंडं काढायची आणि तसंच चुलीकडे न्यायची. चांगुणाच्या पोटात ते ठरू लागलं. हळूहळू तिच्या गालावर रंग आला. ती माझ्या सावलीत पाटावर बसून तांबडीला बाजरी टाकायची, आणि तांबडी तिच्या पायाला अंग घासायची. मी मुकाट बघत होते. बघण्यावाचून दुसरं करणार काय?

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एक दिवस जावई आला. सहादू सटाण्याहून न कळवता आला, तेव्हा यशोदाबाई चांगुणाला घेऊन दवाखान्यात गेली होती. सावळीरामला त्या दिवशी सुट्टी. जावई पहिल्यांदाच एवढ्या लांबून आलेला, त्याला नुसत्या चहावर बसवायचं कसं? सावळीराम उठला, खिशातून चावी काढली आणि ऐटीत माझं दार उघडलं.

आत पाच कोंबड्या. सावळीरामनं क्षणभर विचार केला. विचार कसला, नियमच तो. आधी आलेला माल आधी काढायचा. तलंगा कोपऱ्यात पळाल्या. तांबडी मात्र चांगुणाच्या हाताला सोकावलेली, ती आपण होऊन पुढे आली.

मला ओरडायला तोंड असतं तर मी ओरडले असते. कोंबडीसाठी नाही. त्या माणसाच्या मूर्खपणाला तरी कोणीतरी नावं ठेवायला हवी होती.

दुपारी यशोदाबाई परत आली तेव्हा घरात सावळीरामनं केलेल्या रश्श्याचा वास घमघमत होता. जावयासाठी बाजारातून कोंबडी आणली असेल असं समजून तिनं घाईनं भाकरी थापल्या आणि सगळ्यांना वाढलं. घराची मागची खिडकी उघडी होती, त्यामुळे मला एकूण एक शब्द ऐकू येत होता.

"मामा, रस्सा भारी शे," सहादू आपल्या अहिराणी वळणात म्हणाला.

"आपल्या स्टोअरचा माल," सावळीराम म्हणाला. "तांबडी काढली. आधी आलेली आधी काढायची."

भाकरी थापायचा आवाज थांबला. यशोदाबाई म्हणाली, "अंडं देणारी ती एकलीच व्हती. बाकीच्या तलंगा हायेत."

"कोंबडी ती कोंबडी. अंडं काय, कोणतीही देईल."

"देतील, महिनाभरानं. पोरीला उद्या काय देऊ?"

चांगुणानं हातातला घास ताटात परत ठेवला. ती रडली नाही. नुसतं बापाला म्हणाली, "नाना, ती माझ्या हातून खायची." आणि उठून परसात आली, माझ्या सावलीत त्याच पाटावर बसली. पोटावर हात ठेवून बसली होती. कोणी तिला आत बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावळीराम माझ्या खिडकीशी आला. त्यानं खोक्यात हात घालून गवत चाचपलं. एकदा, मग पुन्हा. काय अपेक्षा होती त्याची, मी अंडं घालीन अशी? मग तो ड्युटीचे कपडे घालून, हातात वाटी घेऊन कुंपणाशी गेला. रंगूबाई तांदूळ निवडत होती.

"जयभीम, रंगूबाई. एक अंडं पाहिजे होतं," तो म्हणाला. "उसनं."

रंगूबाईनं सूप खाली ठेवलं. त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या घरातली वस्तू बाहेर जात नाय, साहेब."

मला हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता हा पाय आपटत परत येईल, अशी माझी खात्री होती. पण तो हलला नाही. वाटी धरून, मान खाली घालून उभाच राहिला. कामावर जायची वेळ टळून चालली होती आणि रस्त्यानं जाणारे लोक बघत होते.

शेवटी रंगूबाई उठली. डालगं उचललं, खाली हात घातला आणि एक अंडं आणून त्याच्या वाटीत ठेवलं.

"हे चांगुणाला हाय, तुम्हाला नाय," ती म्हणाली. "रोज सकाळी या. पण तुम्हीच यायचं. वहिनीला पाठवलं तर देणार नाय."

आणि सावळीराम रोज गेला, मित्रांनो. ज्यानं आयुष्यात कोणाला खिळा दिला नाही, तो रोज सकाळी वाटी घेऊन कुंपणाशी उभा राहायचा आणि रोज 'उसनं' हा शब्द तोंडानं म्हणायचा. रंगूबाई त्याला थोडं ताटकळत ठेवायची. माझ्या मते तिनं आणखी ठेवायला हवं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या दाराचं कुलूप काढून खिशात टाकलं होतं. पुढे ते कुठे गेलं, मला माहीत नाही.

थंडी सुरू होता होता चांगुणाला मुलगी झाली. रडण्याचा आवाज असा खणखणीत की माझा पत्रा दणाणला. तोवर तलंगाही अंड्यावर आल्या होत्या, आणि सावळीराम वाटी घेऊन उसनं फेडायला जात होता. एके सकाळी रंगूबाईच कुंपणाशी आली. तिचं डालगं मोडलं होतं.

"साहेब, नवीन होईस्तोवर माझ्या कोंबड्या तुमच्या स्टोअरमधी ठेवल्या तर चालतील का?"

सावळीरामनं नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "स्टोअर कुठलं, रंगूबाई?" तो म्हणाला. "खुराडं आहे ते. दार उघडंच असतं."

ज्यानं मला बांधलं त्यानंच मला खुराडं म्हटलं. रंगूबाईच्या कोंबड्या आल्या त्या अजून गेलेल्या नाहीत, आणि आता तुमच्याही कोणाच्या असतील तर आणून सोडा, एवढ्यानं माझी काय अब्रू जायची राहिली आहे? त्या मूर्ख आहेत, घाण करतात, आणि पहाटे माझी झोप मोडतात. मला रंग लावू नका, पत्रा गळला तरी मी कुरकुरणार नाही. माझ्या कोयंड्यात आता बाभळीची एक काटकी खोचलेली असते, कोणालाही ओढून काढता येईल अशी. तेवढी राहू द्या, मित्रांनो. पुन्हा कुलूप आणू नका.