मेलेल्यांची लाल खुर्ची

फिडेल्माने लहान मुलांसाठी चौदा चित्रपुस्तकं काढली होती. पंधरावं छापून आलं तेव्हा एक प्रत चाळली आणि सगळा गठ्ठा जिन्याखालच्या कपाटात कोंबला. पुस्तक वाईट नव्हतं, उलट फारच चांगलं झालं होतं. मेयो परगण्यातलं तिच्या घरचंच स्वयंपाकघर, हॅलोवीनची संध्याकाळ, मुखवटे चढवून टेबलाशी बसलेली भावंडं, वारलेले आईबाबासुद्धा हसत बसलेले. फक्त टोकाची लाल खुर्ची रिकामी, तिच्यासमोर ताट, आणि खाली ओळ: ‘ही जागा आपल्यातून गेलेल्यांची. आज ते जेवायला येतात.’

हॅलोवीनला मेलेल्यांसाठी एक ताट मांडतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण ती लाल खुर्ची नेसाची होती, आणि नेसा चांगली जिवंत होती.

नेसा धाकटी बहीण. नऊ वर्षांपूर्वी सातासमुद्रापार पर्थला गेली ती बाबांच्या मातीलाही आली नाही. दोन वर्षं बाबांना उचलणं-बसवणं फिडेल्माने एकटीने केलं होतं. राग येणारच. पण रागावलेलं माणूस फोन करून चार शिव्या हासडतं. हिने तीन आठवडे शांतपणे बसून, जलरंगात, खुर्चीच्या दांड्यावरच्या दातांच्या खुणांसकट बहिणीला मारून टाकलं. हात एकदाही कापला नाही, हेच तिला आता खात होतं.

कारण गेल्याच आठवड्यात नेसा लेकीला घेऊन आली, विमानतळावर गळ्यात पडली आणि म्हणाली, “बाबा गेले तेव्हा ऊना पोटात होती गं. आधीची दोन राहिली नव्हती. डॉक्टर विमानात बसू देईनात, आणि मला सांगायचीही भीती वाटत होती.” ऊना सहा वर्षांची. महिने मोजले असते तर फिडेल्माला केव्हाच कळलं असतं. तिने मोजलेच नव्हते.

हॅलोवीनच्या दुपारी ऊना चेटकिणीची टोपी शोधायला कपाटात शिरली आणि पुस्तक घेऊन बाहेर आली.

“मावशी, ही तर आईची खुर्ची! तिने चावलेली! पण आई कुठंय?”

फिडेल्मा बटाटे कुस्करत होती. “आई... आई तेव्हा लांब होती ना, राणी.”

“मग इथं गेलेल्यांची असं का लिहिलंय?”

नेसा दारातच उभी होती. तिने पुस्तक घेतलं, ते पान पाहिलं.

“मेलेल्या बाबांना जिवंत बसवलंस, आणि मला...” तिने पुस्तक मिटलं. “मांजरसुद्धा आहे गं यात.”

“नेसा, मी चुकले. मुद्दामच केलं होतं मी. गठ्ठा जाळून टाकते.”

नेसा वर गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. फिडेल्माला वाटलं, संपलं, ही आता कायमची चालली.

तरीही तिने टेबल मांडलं, कारण दुसरं काही सुचेना. केलची पालेभाजी घालून कुस्करलेला बटाटा, अंगठी दडवलेला बेदाण्यांचा हॅलोवीनचा गोड पाव, ब्रॅक. मेलेल्यांचं ताट मुद्दाम खिडकीपाशी बाकावर ठेवलं. लाल खुर्ची पुसली, तिच्यासमोर नेसाचा जुना निळा कप ठेवला.

उजेड उतरायला लागला तेव्हा नेसा खाली आली. अंगात बाबांचा जुना स्वेटर होता. तोच बॅगेतून काढला असावा. तिने टेबल न्याहाळलं, बाकावरचं ताट उचललं, लाल खुर्चीपुढे आदळलं आणि बसली.

“तुझ्या लेखी मेलेच ना मी? मग वाढ. मेलेल्यांना आधी वाढतात.”

ऊना खुदकन हसली. नेसा हसली नाही. फिडेल्माने पळी उचलली आणि या वेळी तिचा हात इतका कापला की अर्धा बटाटा टेबलावर सांडला.

“लोणी?” तिने कसंबसं विचारलं.

“घाल की. नऊ वर्षांची उपाशी आहे मी.”