मागं बघू नका

पुंडलिकनगरच्या गल्लीतून सकाळी सकाळी खंडेरावचा आवाज जायचा, आणि खुद्द खंडेराव वरच्या खोलीत चहा पीत तो ऐकत बसायचा. "माता-भगिनींनो, आपल्या शहरात प्रथमच, साड्यांचा भव्य सेल!" रिक्षाच्या भोंग्यातला तो गोडगोड आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याला चहात साखर जास्त झाल्यासारखी वाटायची. कधीकाळी याच गळ्यानं कॉलेजच्या प्राचार्यांना घेरी आणली होती. पण पोट काय, घेरीवर भरत नाही. रिक्षांवर वाजणाऱ्या जाहिराती रेकॉर्ड करून त्याचं भागत होतं. पन्नाशी उलटून गेलेली, लग्न केलेलं नाही, केस मात्र अजून खांद्यापर्यंत. पांढरे झाले तरी कापले नाहीत. बंडातलं तेवढंच शिल्लक होतं आणि त्याला रोज तेल लागायचं.

त्याच्या बँडचं नाव होतं 'बोंब'. शहराला औरंगाबाद म्हणायचे तेव्हाची गोष्ट. दुष्काळाचं साल, हॉस्टेलच्या नळाला थेंब नाही, अर्ज लिहून लिहून पोरांचे हात दुखलेले. गॅदरिंगच्या दिवशी चौघांनी ठरवलं, पाणी मेलंय ना, मग त्याचं रीतसर मयत करू. उघड्या अंगाला राख फासून खंडेराव स्टेजवर आला, खांद्यावर पाण्यानं भरलेलं मडकं. गिटार कोकलत होती, ड्रमवर अजिनाथ होता. खंडेरावनं ड्रमभोवती तीन फेऱ्या मारल्या. दर फेरीला अजिनाथनं दगडानं मडक्याला एक भोक पाडलं, पाणी खंडेरावच्या पाठीवरून वाहत राहिलं. शेवटी त्यानं मडकं खांद्यावरून मागं टाकून फोडलं आणि पालथ्या हातानं बोंब ठोकली. जे पोरानं बापाच्या चितेपाशी करायचं, ते त्यानं भर गॅदरिंगमध्ये केलं. बायका उठून गेल्या, स्टेजवर खुर्च्या येऊन पडल्या. आणि बोभाटा असा झाला की पुढं मराठवाडाभरच्या कॉलेजांतून बोलावणी यायला लागली.

स्मशानात मडकं फुटलं की मागं वळून बघायचं नसतं, सरळ चालू लागायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खंडेराव मुद्दाम बघायचा. मडकं फुटलं, बोंब विरली, सगळीकडं सामसूम झाली, की तो सावकाश मान मागं वळवायचा; त्याबरोबर अजिनाथच्या दोन्ही काठ्या ड्रमवर पडायच्या आणि गाणं उसळून उठायचं. ती त्यांची खूण. कल्पना अजिनाथची होती. तो म्हणायचा, "लोकं मागं बघत नाहीत, म्हणून मेलेलं मेलेलंच राहतं. तू बघ की. तू बघितलंस की मी उठतो."

खंडेरावचे वडील मल्हारराव मेंढरं राखायचे. कळप घेऊन गंगापूरच्या अंगाला उतरलेले असताना त्यांच्या कानावर ही कर्तबगारी गेली. ते चिडले नाहीत, तेच वाईट झालं. एवढंच म्हणाले, "माझं मडकं फोडून झालंय त्याचं. आता पुन्यांदा कशाला?" ते वारले तेव्हा मडकं धाकट्या भावानं धरलं आणि खंडेराव मागं, लांबच्या पाहुण्यांत उभा राहिला. गावोगावी एवढी मडकी फोडली, पण फोडायला पाहिजे होतं तेच त्याच्या हाती आलं नाही. हे शल्य त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगायला अजिनाथशिवाय होतं कोण?

कारण बाकीचे दोघं केव्हाच मार्गी लागले होते, एक पुण्याला आणि एक बँकेत. अजिनाथ हर्सूलला, जेलच्या भिंतीमागच्या गल्लीत एका खोलीत राहायचा आणि पाण्याचा टँकर चालवायचा. तोही सडाफटिंग. दोघांची भेट सणासुदीला झाली तर व्हायची, पण रोज संध्याकाळी एकमेकांना मिस कॉल मात्र द्यायचे. त्याचा अर्थ एवढाच, की आहे बाबा अजून.

त्या वर्षी पुन्हा पावसानं पाठ फिरवली. शहराचं नाव नवं झालं, रस्ते रुंद झाले, बायपासला मान मोडून बघावं लागेल अशा इमारती उठल्या. नळांनी मात्र जुनी चाल सोडली नाही. आठवड्यातून एकदा आले तर आले. घरोघरी जार. अशा दिवसांत 'तृप्तधारा' जारवाले तात्यासाहेब आपल्या मुलीला घेऊन खंडेरावच्या खोलीवर आले. बिडकीनकडची त्यांची जमीन रस्त्यात गेली होती. उरलेल्या तुकड्यात त्यांना पिकानं कधी दिलं नव्हतं ते बोअरनं दिलं.

"तुमच्या त्या गॅदरिंगात पहिली खुर्ची मी फेकली व्हती," तात्यासाहेब अभिमानानं म्हणाले. "लई राग आला व्हता. पण विसरलो नाय बघा कधी."

मुलीचं नाव संस्कृती. ज्या संस्कृतीच्या नावानं लोक त्याच्या अंगावर धावून आले होते, ती आता लॅपटॉप मांडीवर घेऊन समोर बसली होती आणि त्याला सर म्हणत होती.

"सर, तेच सगळं हवंय. राख, फेऱ्या, बोंब. कार्यक्रमाचं नावसुद्धा ठरलंय, 'आता नाही पाण्याची बोंब!' फक्त मडक्याच्या जागी आपला जार."

खंडेरावला हसू आलं. ते ओठांवर यायच्या आत त्याला स्टेज दिसलं, आणि स्टेजवर आपल्या मागं बसलेला अजिनाथ. पैसा नको होता असं नाही. पण इतकी वर्षं एकट्यानं चहा पिणाऱ्या माणसाला कोणीतरी मागं बसलेलं हवं असतं. त्या एका संध्याकाळसाठी त्यानं जारच काय, सबंध पिंप खांद्यावर घेतलं असतं. तो हो म्हणाला आणि तसाच हर्सूलला गेला.

अजिनाथनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जार?"

"जार."

"खंड्या, मडकं फुटतं. जार फुटत नाय, उसळतो."

"आता कोण बघतंय रे एवढं?"

"आपण पाणी मेलं म्हणून बोंब मारली व्हती. ह्यांच्याकडं तर पाणी विकाया हाय. मग मेलंय कोण? मयत कोणाचं?"

"तू टँकर चालवतो तो काय धर्माचा?"

"टँकर चालवतो. टँकरभवती नाचत नाय."

खंडेरावच्या वर्मी लागलं. तो खाली बघत म्हणाला, "म्हातारे झालो आपण, अजिनाथ. पुन्हा कोण बोलावणार हाय आपल्याला?"

अजिनाथचा आवाज जरा उतरला. "मडकं घेऊन ये. असशील तिथं येतो, अर्ध्या ताटावरून उठून येतो. जार आणला तर मी नाय."

खंडेरावनं चपला पायात सरकवल्या आणि मागं न बघता जिना उतरला. तरी संध्याकाळी अजिनाथचा मिस कॉल आला. भांडण भांडणाच्या जागी.

तालीम जालना रोडच्या एका लॉनवर होती. भोवतालचं गवत हिरवंगार. त्याला कुठून पाणी मिळत होतं ते लॉनवालाच जाणे. ड्रमच्या जागी स्पीकरची भिंत उभी केली होती. ताल लॅपटॉपमधून येणार होता, आणि तो कोणाची वाट बघणार नव्हता. खंडेरावच्या अंगाला राख म्हणून पावडर लावली गेली. निळा, रिकामा जार खांद्यावर घेऊन तो फेऱ्या मारून आला. रिकाम्या जाराला वजन नसतं, त्यामुळं त्याची चालच बिघडली. शेवटी त्यानं जार मागं फेकला. जार डब्ब करून आपटला, उसळला, टप्पे खात मंडपवाल्याच्या पायाशी गेला. मंडपवाला फिसकन हसला. जुन्या सवयीनं खंडेरावनं मान मागं वळवली. मागं भला मोठा पडदा होता आणि पडद्यावर पाण्याचा एक चकचकीत थेंब.

"सर, मागं बघू नका ना," संस्कृती खालून म्हणाली. "कॅमेरा समोर आहे."

ती काही वाईट बोलली नाही. पण खंडेरावला एकदम आपण अगदी एकटे असल्यासारखं झालं. खोलीत वाटायचं त्याहून जास्त, इतक्या माणसांत उभं राहून. चुकलंच आपलं. अजिनाथ नसेल तर आपण फक्त एक पावडर लावलेला म्हातारा आहोत. त्यानं तोंड धुतलं आणि थेट कुंभारवाडा गाठला.

कडूबाई कुंभारीण माठांच्या उतरंडीपाशी बसली होती. "प्यायाचा माठ देऊ?"

"नाय मावशी. ते लहान असतं ना. तसलं."

बाईचा हात थांबला. "कोण गेलं, बाबा?"

"कोणी नाय. गाण्याला पायजे."

"बिगर मयताचं तसलं मडकं नेत नसतात. घरात तर ठेवतच नसतात."

"मी लई फोडलीत, मावशी," खंडेराव हसत म्हणाला. बाईनं मडकं दिलं, पण त्याच्या हातात दिलं नाही. जमिनीवर ठेवलं आणि तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी अजिनाथचा मिस कॉल आला नाही. खंडेरावनं स्वतः दिला, मग नीट पूर्ण रिंग जाऊ दिली. उचलला नाही. रुसलाय गडी, त्यानं स्वतःशी म्हटलं, उद्या मडकं बघून विरघळेल. तात्यासाहेबांना काय सांगायचं तेही त्यानं ठरवून टाकलं. मडकं आणि अजिनाथ असेल तर मी, नाहीतर तुमचा जार तुम्हीच फेका. कितीतरी दिवसांनी तो आरशात बघून हसला.

सकाळी मडकं हातात घेऊनच तो हर्सूलला उतरला. गल्लीत माणसं जमली होती. अजिनाथची घरमालकीण मालनबाई ओट्यावर बसली होती. तिची नजर आधी मडक्यावर गेली आणि मग त्याच्या तोंडावर.

"तुमाला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "आत्ताच तर दार तोडलं. काल टँकर लावून आला, छातीत चमक निघाली म्हणला, पडतो जरा. त्यो उठलाच नाय. तुमी तर मडकं घेऊनच आलात."

 देव न मानणारा, शकुन-अपशकुनाची जन्मभर टिंगल केलेला खंडेराव ते मडकं छातीशी धरून ओट्याखाली उभा राहिला. बाईनं सांगितलं होतं, नेत नसतात म्हणून. बापानं सांगितलं होतं. आणि अजिनाथनंही सांगितलं होतं, मडकं घेऊन ये, मी येतो. मडकं आणलं होतं. तो मात्र शब्दाला पहिल्यांदाच जागला नव्हता.

लासूर स्टेशनहून अजिनाथचा चुलतभाऊ सांडू आला तेव्हा दुपार कलली होती. स्मशानातला नळ फिरवला तर नुसता फुसफुसला. एवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. बातमी कळताच तात्यासाहेबांनी जार पाठवले होते, पैसे विचारायचे नाहीत असा निरोप होता, आणि सोबत संस्कृती आली होती, फोन पर्समध्ये ठेवून, डोक्यावरून ओढणी घेऊन. पोरगी वाईट नव्हती. तिनंच जाराचं झाकण काढलं आणि मडकं भरून दिलं.

सांडूनं मडक्याला हात लावला नाही. "तुमीच धरा," तो खंडेरावला म्हणाला. "त्यानं जन्मभर तुमच्याच मागं वाजवलं."

चिता पेटली. खंडेरावनं मडकं खांद्यावर घेतलं. भरलेल्या मडक्याचं वजन खांद्याला बरोबर आठवत होतं. पहिल्या फेरीला सांडूनं दगड मारला आणि पाणी पाठीवर उतरलं. जाराचं पाणी गारेगार होतं. भर उन्हात अंगावर काटा आला. दुसरं भोक, तिसरं भोक. मग त्यानं मडकं मागं टाकलं. ते फुटलं, मडकं फुटतं तसंच फुटलं. पालथा हात तोंडाशी गेला आणि बोंब निघाली. गावोगावच्या स्टेजवर घासून गुळगुळीत केलेली ती बोंब नव्हती. गळा मध्येच फाटला, बोंब अर्धी राहिली, आणि जमलेल्या माणसांनी माना खाली घातल्या.

"झालं," सांडू हळूच म्हणाला. "आता मागं बघू नका. सरळ चला."

समोर फाटक होतं. फाटकात संस्कृती उभी होती. माणसं चालायला लागली. खंडेरावनंही पाऊल उचललं, आणि तिथंच सगळीकडं सामसूम झाली, मडकं फुटल्यावर व्हायची तशी, त्याच्या मानेला पाठ असलेली.

त्यानं सावकाश मागं वळून बघितलं.

"अहो! अहो, काय करता!" सांडूनं त्याचा दंड धरला. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. पण खंडेराव हलला नाही. ओले पांढरे केस पाठीला चिकटलेले, मान वळवलेली, श्वास रोखलेला. तो वाट बघत होता. त्यानं बघितलं होतं. आता उठायची पाळी अजिनाथची होती.