यादीतला खोडलेला आवाज

४. कमी उजेडात चित्र दिसायला हवं

"साहेब नाही आले बरोबर?" दुकानदाराने विचारलं आणि तिथेच बिनसलं.

"साहेब घरी भांडी घासतायत," ती म्हणाली. "कॅमेरा मला घ्यायचाय. दाखवता, की त्यांची भांडी आटपेपर्यंत थांबू?"

कापडाच्या कारखान्यात तिला सगळ्या तिखट म्हणायच्या. खरं नाव हजेरीपुरतं. एकोणीस वर्षं ती मागावर उभी होती आणि गेले दोन महिने दर शनिवारी ग्रंथालयातल्या सिनेमाच्या वर्गाला जात होती. वर्ग फुकट होता, कॅमेरा ज्याचा त्याने आणायचा होता.

हे तिसरं दुकान. पहिल्यात तिला सहा महिन्यांच्या पगाराचा कॅमेरा दाखवला आणि स्वस्तातला मागितल्यावर खेळण्यांच्या कपाटाकडे बोट केलं. दुसऱ्यातला पोरगेला विक्रेता म्हणाला, "मोबाइलवर काढा की काकू." काढला असता रे बाबा. पण मोबाइल कारखान्याच्या फाटकावर जमा होतात. मॅनेजरने डोंगराएवढे उपकार करत एक चिठ्ठी दिली होती: येता बुधवार, एक तास, एक कॅमेरा, मोबाइल नाही. महिनाअखेर जुने माग भंगारात जाणार, नव्या यंत्रांना चाळीस जणींऐवजी सहा जणी पुरणार. म्हणजे बुधवार हुकला की सिनेमा कायमचा हुकला.

"हा बघा. ऐंशी पट झूम. चंद्रावरचे खड्डे मोजा."

"चंद्रावर माझं कुणी राहत नाही. हातभर अंतरावरची बोटं दिसायला हवीत. आणि आमच्या शेडमध्ये उजेड म्हणाल तर मालकाच्या मनाएवढा."

दुकानदाराने तिला पायापासून वर मोजलं आणि खालच्या फळीवरून एक जुना कॅमकॉर्डर काढला. जपून वापरलेला, म्हणाला. तुमच्या ऐपतीत बसेल, असंही म्हणाला. तो शब्द तिने गिळला.

तिने तो कॅमेरा भाजी निवडावी तसा निवडला. काउंटरखालच्या अंधारात हात घालून स्वतःचीच बोटं टिपली. स्टँडवर बसवायचं भोक पाहिलं. बॅटरी पाहिली. चित्र झकास होतं, नखातला वंगणाचा काळा कणसुद्धा दिसत होता. दुकानदाराने टिपलेलं पुन्हा चालवून दाखवलं, तेव्हा त्याचा एक डोळा जरा बारीक झाला आणि मागे काम करणाऱ्या कारागिराने मान वर केली. कमी भावात द्यावा लागतोय म्हणून जळतोय मेला, असं तिला वाटलं.

"आवाजाचं काही?" त्याने विचारलं.

"आवाजाचं काही नाही हो मला."

"मग इथे सही. तपासून घेतला, तक्रार नाही."

तिने सही केली.

३. बॅटरी तासभर टिकायला हवी

टिकली. उगाच कुणाच्या नावाने खोटं का बोला.

१. आवाज (हा मुद्दा खोडलेला)

वर्गातले शिक्षक पहिल्याच शनिवारी म्हणाले होते, "चित्र थोडं डागाळलं तर लोक माफ करतात. आवाज खराब असला तर उठून जातात." मग कॅमेऱ्यात काय काय हवं, याची प्रत्येकाला यादी करायला लावली. बाकीच्यांनी त्यात आवाज पहिला लिहिला. तिनेही लिहिला, मग हसली आणि आडवी रेघ मारली.

चाळीस माग एकदम चालू झाले की शेडमध्ये देव जरी बोलला तरी ऐकू यायचा नाही. म्हणून तिथल्या बायका हातांनी आणि ओठांनी बोलायच्या. दोन बोटं गालावर म्हणजे मुकादम येतोय. मनगट फिरवलं की धागा तुटला. पोटावर मूठ म्हणजे आज पाळी आहे, माझ्या मागाकडे बघ. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईच्या सासूची नक्कल करायची आणि मधल्या सगळ्या जणी हसून लोटपोट व्हायच्या, एकही शब्द न उच्चारता. ही बोली कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. चाळीस जणी चाळीस दिशांना गेल्या की ती संपली.

तिला हीच टिपायची होती. तिच्या सिनेमात आवाजाला काम काय?

कॅमेरा घरी आणला त्याच संध्याकाळी तिने सराव म्हणून धाकट्या जावेला टिपलं. जाऊ एका दवाखान्यात फोन उचलायची. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिचे कान सुईसारखे झाले होते. ती मटार सोलत बोलत होती. टिपलेलं चालवलं मात्र, जावेने दोन्ही हात कानांवर दाबले.

"ताई, बंद करा आधी ते!"

"का? तोंड वाकडं दिसतंय म्हणून?"

"माझं तोंड राहू द्या. शिट्टी वाजतेय केवढी! दात आंबले माझे."

"कसली शिट्टी? कुठे?"

"कुठे काय, सबंध वेळ! माझ्या बोलण्यावरून चाललीय."

तिखटने कॅमेरा कानाला लावला. जावेचं बोलणं पुसटसं ऐकू आलं. बाकी काही नाही.

"तुला माझं काही बरं झालेलं बघवत नाही," ती म्हणाली. "दोन पैशांची वस्तू आणली तर लगेच खोट काढलीस."

जावेने भांडं खाली ठेवलं. एरवी अशा बोलण्यावर तिने सव्वाशेर परत दिलं असतं. आज ती जवळ सरकली.

"ताई, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

तो प्रश्न सुरीसारखा शिरला. वर्षातून एकदा कारखान्यात डॉक्टर यायचे. मागे उभं राहून टाळी वाजवायचे. टाळी ऐकू आली की कागदावर "कान उत्तम" असा शिक्का. दरवर्षी उत्तम. शिट्टी कुणी कधी वाजवलीच नव्हती.

त्या रात्री तिने कॅमेरा पुन्हा पुन्हा कानाला लावून बघितला. राग कुठे ठेवावा, हेच तिला कळेना.

२. झूम: नको

दुसऱ्या दिवशी जाऊ रजा टाकून तिच्याबरोबर दुकानात आली.

"तपासून घेतला म्हणून सही आहे तुमची," दुकानदार म्हणाला. "बाई, तुम्ही माझ्यासमोर ऐकलंत. मी आवाजाचं विचारलंसुद्धा. बरोबर ना?"

"तुम्हालाही ऐकू आलं होतं," जाऊ म्हणाली.

"मला? मला काय, मी विकणारा. घेणाऱ्याने बघायला नको?"

"ठीक करून द्या."

"विचारतो आत. पण दुरुस्तीचे वेगळे पडतील."

तो कॅमेरा तिथेच काउंटरवर ठेवून आतल्या काचेच्या खोलीत गेला, कारागिरापाशी. दार लावून घेतलं. काचेआड त्याचे नुसते ओठ हलत होते.

जाऊ धुमसत म्हणाली, "काय कट शिजतोय कोण जाणे, एक अक्षर ऐकू येईल तर शपथ."

तिखटला एकही अक्षर ऐकू यायची गरज नव्हती. एकोणीस वर्षं तिने दुसरं काय केलं होतं? तिने कॅमेरा उचलला, टिपणं चालू केलं आणि झूम दाबला. चंद्रावरचे खड्डे राहू देत. त्या माणसाच्या खालच्या ओठावरची फुटलेली साल दिसली.

तो बाहेर आला. "कारागीर म्हणतोय, दुरुस्त नाही व्हायचा."

"कारागीर काहीच म्हणाला नाही," तिखट म्हणाली. "तुम्ही म्हणालात, 'ती कालची बहिरी परत आलीय.' मग म्हणालात, 'ती आल्या आल्याच मी ओळखलं, म्हणून तो शिट्टीवाला काढला. चार महिने पडून होता.' मग हसलात. मग म्हणालात, 'दोन फेऱ्या मारेल आणि दमेल.'"

दुकानदाराचा चेहरा धुतल्या कापडासारखा झाला. आतला कारागीर काचेआडून दुसरीकडे बघू लागला.

"असं काही... पुरावा काय?"

तिने कॅमेरा त्याच्या नाकासमोर धरला. छोट्या पडद्यावर त्याचे ओठ हलत होते.

"यात आवाज कुठे आहे?" तो म्हणाला.

"तुम्हाला नाही. आमच्या शेडमध्ये चाळीस जणी आहेत. हे त्यांना छापलेल्या अक्षरासारखं आहे. उद्या पाळी सुटली की सगळ्या जणी तुमच्या दारात येतील आणि बघून बघून एका सुरात वाचतील. आमचे आवाज लहान नाहीत हं. बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही."

दारातून आत येणारं एक गिऱ्हाईक थबकलं.

"ताई, ताई, जरा बसा," दुकानदार म्हणाला. बाईची ताई झाली होती. "बदलून देतो. याच किमतीत, कुठलाही जुना."

जाऊ कानाशी वाकून म्हणाली, "तो वरचा घ्या, चित्र किती गोड येतंय."

तिखटने पिशवीतून यादी काढली. पहिल्या मुद्द्यावरची आडवी रेघ बघत राहिली. चार महिने विकला न गेलेला कॅमेरा या माणसाने तिच्या गळ्यात मारला होता. पण शिट्टी ऐकणारे तिचे कान? ते कुणी नेले? ते नेणाऱ्या मॅनेजरकडे नव्हती कुणी फेरी मारली, त्याच्या दारात नव्हतं कुणी वाचलं. त्याने तर चिठ्ठी दिली होती, एक तासाची.

"बाहेरचा माइक लावता येतो असा दाखवा," ती म्हणाली. "आणि हेडफोनचं भोक हवं. चित्र जरा डागाळलं तरी चालेल."

"पण तुम्हाला हेडफोन कशाला, तुम्हाला तर..." दुकानदाराने जीभ चावली.

"मला नाही," ती म्हणाली. "हिला."

१. आवाज

बुधवारी जाऊ शेडच्या दारात स्टँडशेजारी उभी राहिली. वर्गातल्या एकीचा माइक मागून आणला होता, डोक्यावर मोठे हेडफोन. माग अजून बंद होते. ती सगळ्यांना बघून लाजत हसत होती. चाळीस जणींनी तिच्या हेडफोनवर हातांनी इतके विनोद केले, आणि तिला त्यातला एकही कळला नाही.

मग मुकादमाने खटका ओढला.

जाऊ धक्का बसल्यासारखी मागे सरकली. तिने हेडफोन ओरबाडून काढले, तर बाहेर त्याहून जास्त होतं. तिने ते पुन्हा घातले, पुन्हा काढले. डोळ्यांत पाणी आलं. ती तिखटकडे बघून ओरडली, गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, आणि तिचा आवाज तिचा तिलाही ऐकू आला नाही.

तिखटने ओठ वाचले. "रोज? ताई, हे रोज?"

तिखटने दोन्ही हात वर केले. आधी दहा बोटं. मग नऊ.

पलीकडच्या मागावरची बाई ते बघत होती. तिने आपले हात वर केले: दहा, दहा, चार. तिच्या शेजारणीने केले. मग तिच्या पलीकडचीने. मागांवर धोटे आपटत होते आणि शेडभर हात वर होत होते, कुणी हसत नव्हतं.

दोन बोटं गालावर गेली. मुकादम येत होता, घड्याळाकडे बोट दाखवत. तास भरायला अजून बराच वेळ होता.

तिखटने त्याच्याकडे पाठ केली. जावेच्या डोक्यावर हेडफोन नीट बसवले, दोन्ही कानांवर आपले हात घट्ट दाबून धरले आणि ओठ मोठे हलवत, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं:

"काढू नकोस. सगळं येऊ दे."