नळीतलं तेल

"आता जेवायच्या टेबलावरही बंदूक! उद्या तिलाच ताट वाढायला सांगतील मला," विहीणबाई ओट्याशी पुटपुटल्या.

पुटपुटणं हळू होतं, पण स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसलेल्या मशीनवाल्यांच्या कानात ते अचूक पडलं. दुखऱ्या गुडघ्याला शेक मिळावा तसं त्यांना बरं वाटलं. चला, या घरात निदान एक माणूस तरी आपल्या बाजूचं आहे!

मशीनवाले म्हणजे या घरच्या सुनेचे वडील. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. नुसता आवाज ऐकून मशीनचं दुखणं सांगणारा माणूस, असा लौकिक. बायको गेली, मग लेक सासरी गेली, आणि रिकाम्या घरात घड्याळाचा आवाज तेवढा राहिला. घड्याळात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून रविवार उजाडला की ते लेकीकडे यायचे. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड जुनी. आज ते विहीणबाईंच्या कात्रीला धार लावून घेऊन आले होते. कात्री मुळात बोथट नव्हतीच.

टेबलावर जुना टॉवेल पसरून लेकीनं आपली बंदूक खोलली होती. ती म्हणायची, "बंदूक नाही, मार्कर." तिच्या ऑफिसातली मंडळी पेंटबॉल खेळायची. पिंपांआड, टायरांआड लपायचं, एकमेकांवर रंगाची गोळी फोडायची, आणि ज्याच्या अंगावर फुटली तो बाद. इतके दिवस ती मैदानावरचं भाड्याचं मार्कर वापरायची. यंदा तिनं स्वतःचं घेतलं होतं, स्वस्तातलं. त्यात बॅटरी नाही की दिवा नाही. सगळा कारभार हवेचा, स्प्रिंगचा आणि आत मागेपुढे धावणाऱ्या दट्ट्याचा. म्हणजे मशीनवाल्यांच्या हातचा मळ.

आणि तरी तिच्या शेजारी कोण बसलं होतं? आप्पा. तिचे सासरे. उभा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे काढलेला माणूस! डब्याच्या झाकणात स्क्रू गोळा करून ते असे धरून बसले होते, की जणू झाकणात हिरे आहेत.

"आप्पा, ही रिंग बघा. चिरलीये ना?" लेकीनं काळी रबरी रिंग त्यांच्यापुढे नाचवली.

आप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "चिरलीये की नाही ते तूच सांग. मला आपलं मधलं भोकच दिसतंय."

दोघं खो खो हसले. मशीनवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. हसण्यासारखं काय आहे त्यात? त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "चिरलेलीच आहे. इथूनसुद्धा दिसतंय. आण इकडे."

"राहू द्या बाबा, जमतंय," लेक म्हणाली आणि नवी रिंग बसवायला लागली. पहिल्यांदा ती निसटून टेबलाखाली गेली. आप्पा तिच्यामागे टेबलाखाली. दुसऱ्यांदा वाकडी बसली. मशीनवाल्यांची बोटं आपोआप हलत होती. त्यांनी हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

"अगं, हा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा?" आप्पांनी विचारलं.

"ज्या बाजूला फिरेल त्या बाजूला!" लेक म्हणाली, आणि पुन्हा हशा. मशीनवाल्यांना वाटलं, या माणसाला स्क्रूची बाजू कळत नाही, आणि याला मिळालेली खुर्ची बघा कुठली!

दुपारी लेकीचा सामना होता. हवेची टाकी भरायची राहिली होती. "मैदानावरून भरून आणतो आम्ही," असं सांगून सासरा-सून बाहेर पडले. आम्ही! मशीनवाल्यांना कुणी चला म्हटलं नाही. खरं तर लेकीनं दारातून मागे वळून पाहिलं होतं. पण तेव्हा ते मुद्दाम छताकडे बघत होते.

आता टेबलापाशी ती खोललेली बंदूक आणि ते, दोघंच. त्यांनी तिची नळी उचलून खिडकीकडे धरली, डोळा लावला. आत ठणठणीत कोरडी! तेलाचा थेंब नाही. ज्या पोरीच्या नाकात लहानपणापासून मशीनच्या तेलाचा वास भरलेला, तिनं लोखंडाला असं तहानलेलं ठेवावं? या बेकरीवाल्याच्या संगतीचा परिणाम, दुसरं काय!

त्यांनी पिशवीतून लांब चोचीची बुधली काढली. त्यांच्या धंद्यात रीत एकच: आधी भरपूर तेल, मग चिंधीवर चार टाके मारायचे, जास्तीचं तेल चिंधी पिऊन टाकते. त्यांनी काडीला फडकं गुंडाळलं आणि नळी आतून अशी न्हाऊ घातली की आरशासारखी चमकायला लागली. या यंत्राला चिंधी कुठली, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यासोबत आलेलं माहितीपत्रक टेबलावरच पडलं होतं. ते त्यांनी बुधलीखाली घातलं, टेबलाला डाग नको म्हणून.

विहीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बुधलीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, तोंड उघडलं. मग "साखर बरोबर आहे ना?" एवढंच विचारून आत गेल्या.

दोघं परत आले. लेकीनं मार्कर जोडलं. परसात एका पत्र्यावर खडूनं गोल काढला होता. तिनं सगळ्यांना डोळे वाचवायचे खेळाचे चष्मे चढवायला लावले, विहीणबाईंनासुद्धा, आणि नेम धरला.

पहिली गोळी पत्र्याला वळसा घालून भिंतीवर फुटली. दुसरी मध्येच खाली झुकली. तिसरी कुठल्या कुठे वळली आणि वाळत घातलेल्या चादरीवर भलंमोठं केशरी फूल उमटलं.

मशीनवाल्यांच्या मनात क्षणभर गुदगुल्या झाल्या. घ्या, बसा आप्पांना घेऊन!

लेकीनं टाकी सोडवली, गोळ्यांचा डबा उतरवला, उरलीसुरली हवा जमिनीकडे सोडली. मग नळी काढून उजेडात धरली. बोट आतून फिरवलं. नाकाशी नेलं.

"तेल," ती म्हणाली. "नळी कोरडीच ठेवायची असते. ओली झाली की गोळी मन मानेल तशी वळते."

तो वास तिथल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो वास दर रविवारी कात्र्या, सुया आणि नसती निमित्तं घेऊन या घरात यायचा.

"माझाच हात लागला असणार," आप्पा घाईघाईनं म्हणाले. "बेकरीतला हात, जन्माचा तुपकट."

"आणि ती चादर तशीही जुनीच होती," विहीणबाईंनी भर घातली.

मशीनवाल्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि वर चूकसुद्धा हा माणूस आपल्याकडून हिरावून घेतोय!

"तुमचा कशाला हात लागतोय? मी घातलं तेल," ते म्हणाले. आवाज नको इतका चढला. "मी साफ करून देतो, दे." त्यांनी लेकीच्या हातातली नळी धरली. तिनं ती सोडली नाही. बाप एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला.

"सोड ना."

"नाही."

"का नाही? या माणसाला काडीचं कळत नाही यातलं. रिंग दाखवली तर भोक दिसतं त्यांना! तरी शेजारी तेच. माझ्यात काय कमी आहे, सांग तरी."

विहीणबाई चादर काढायला वळल्या. आप्पा पत्र्यावरचा खडूचा गोल न्याहाळू लागले. लेकीनं चष्मा वर सरकवला. डोळे भरले होते, पण हात पक्का होता.

"कमी काहीच नाही, बाबा. इतकी वर्षं तुमच्या दुकानात बसले, पण एक मशीन तुम्ही मला शेवटपर्यंत जोडू दिलं नाहीत. माझं चुकायच्या आधीच तुमचा हात पुढे यायचा. आप्पांना काही येत नाही. पण ते माझ्या हातातलं काढून घेत नाहीत."