बंद दिव्याचा कौल

दिवस मावळायला लागला की कॅम्पातली माणसं घडीच्या खुर्च्या काखेत मारून व्हर्ना टोलहर्स्टच्या ट्रेलरकडे निघायची. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढायला आलेली ही सगळी निवृत्त मंडळी. घरी गुडघाभर बर्फ, इथे ऊन. एरवी या वेळी ती शेकोटीभोवती बसून एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी करायची. त्या वर्षी मात्र शेकोट्या ओस पडल्या. सगळ्यांना व्हर्नाच्या छतातला दिवा पाहायचा होता.

ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, एवढंसं, की आत तिघं बसली तर चौथ्यानं श्वास आवरून धरावा. त्यामुळे बाकीची उघड्या दारासमोर वाळूत खुर्च्या मांडून बसायची. आत पडदे ओढलेले. बाकावर सिस्टर डेल्फीन, गुडघ्यांवर शाल. ती सगळ्यांदेखत छतातल्या दिव्याचं बटण बंद करायची आणि हात वर करून दाखवायची. दिवा तरीही मंद, दुधट उजेडानं तेवत राहायचा.

"बटण माणसाचं असतं, उजेड त्यांचा असतो," ती घोगऱ्या आवाजात म्हणायची. "पलीकडच्यांना वायर लागत नाही, माझ्या लेकरांनो."

लेकरं सत्तरीच्या घरातली होती. बाईंना सिस्टर कुणी केलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ना ती कुठल्या मठातली, ना कुठल्या दवाखान्यातली. पण तिनं प्रश्न विचारला की दिवा उत्तर द्यायचा. एकदा मंदावला तर हो, दोनदा मंदावला तर नाही. पलीकडच्यांना वायर लागत नसली तरी सिस्टरना दाराशी कॉफीचा रिकामा डबा लागायचा, आणि तो रिकामा परत जात नसे.

व्हर्ना काही भोळी बाई नव्हती. सगळी नोकरी तिनं बॉयसी शहराच्या पाणीखात्यात तक्रारींचे फोन घेण्यात घालवली होती. पण गेल्या वसंतात तिचा नवरा क्लाइड गेला. या हिवाळ्यात ती पहिल्यांदाच एकटी आली. ट्रेलरमधले जुने तारेचे बल्ब झोपायच्या आत बॅटरी पिऊन टाकत, म्हणून तिनं रस्त्याकडेच्या एका टपरीवरून मिळतील ते एलईडी दिवे आणून बसवले. पहिल्याच संध्याकाळी बटण बंद केलं तरी पलंगावरचा छतातला दिवा पुरता विझला नाही. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "क्लाइड?"

तेवढं ती शेजारणीला बोलली, आणि बोलाफुलाला गाठ पडावी तशी सिस्टर डेल्फीन हजर झाली. व्हर्नानं तिला अडवलं नाही. रोज त्या उजेडाखाली पडून ती दिवसभराचं सगळं क्लाइडला सांगायची. तिला झोप लागायला लागली होती. असल्या गोष्टीची चिकित्सा कोण करतो?

गाडं अडलं ते ऑर्विल स्टेनरपाशी. ऑर्विल हा क्लाइडचा जुना दोस्त. त्याचीही बायको, रुथअ‍ॅन, वारलेली. त्याच्या काळजाची झडप अरुंद झाली होती. ट्रेलरची पायरी चढतानाही त्याला दम लागायचा. मुलीनं फिनिक्सच्या इस्पितळात ऑपरेशन ठरवलं होतं. दरम्यान सिस्टर डेल्फीन त्याच्याच घरासारख्या मोठ्या गाडीत, पाहुण्यांच्या पलंगावर मुक्कामाला होती आणि त्याच्याच टेबलावर जेवत होती. ऑर्विल फिनिक्सला गेला असता तर गाडीही गेली असती.

एका संध्याकाळी ऑर्विलनं दिव्याकडे बघत विचारलं, "रुथअ‍ॅन, ऑपरेशन करून घेऊ का?"

दिवा मंदावला. उजळला. पुन्हा मंदावला.

दारापुढच्या माणसांनी उसासा टाकला. ऑर्विलनं तिथूनच मुलीला फोन लावून ऑपरेशन रद्द करायला सांगितलं. मुलगी पलीकडे रडत होती, ते सगळ्यांना ऐकू आलं.

व्हर्ना दुसऱ्या दिवशी त्याला समजवायला गेली. निदान डॉक्टरांशी पुन्हा एकदा बोल, असं तिनं परोपरीनं सांगितलं. त्यानं शांतपणे उत्तर दिलं, "उत्तर तुझ्याच छतातून आलं ना, व्हर्ना."

तिला जेवण गेलं नाही. आणि त्या दिव्यांचा उजेडही आता डोळ्यांना खुपायला लागला होता. निळसर, थंड, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला. बाकीचे दिवे तरी बदलावेत असं ती सहज डेल्फीनला बोलून गेली. डेल्फीन दचकलीच.

"या घरातला एकही दिवा हलवायचा नाही. वायर हलली की त्यांची वाट मोडते."

"पण त्यांना वायर लागत नाही म्हणाला होतात तुम्ही."

डेल्फीननं डोळे मिटले. "प्रश्न विचारणारं मन जड असतं, बाई. जड मनाला ते भेटत नाहीत."

असली उत्तरं व्हर्नानं आयुष्यभर पाइपांच्या ठेकेदारांकडून ऐकली होती. ज्याचा पाइप गळत असतो तोच म्हणतो, खणू नका. तिनं ट्रक काढला आणि गावातलं लुपे ओरोझ्कोचं दुकान गाठलं.

लुपे ट्रेलरचं विजेचं सामान विकायची. तिनं आधी भराभर प्रश्न विचारले. बॅटरी केवढी, छपरावर सोलरची पाटी आहे का, उजेड स्वयंपाकाला हवा की झोपताना वाचायला. शेगडीवर जरा प्रखर घ्या, पलंगावर पिवळसर आणि मऊ घ्या, असं तिनं सुचवलं. आणि मुख्य म्हणजे स्वस्तातले घेऊ नका. बॅटरी कधी भरलेली असते, कधी उतरलेली. चांगला दिवा आतल्या आत ते सांभाळून घेतो आणि उजेड तसाच ठेवतो. टपरीवरचे दिवे बॅटरीबरोबर नाचतात.

मग, डबे काढता काढता, तिनं सहज विचारलं, "तुमच्या बटणावर लाल ठिपका आहे का? अंधारात बटण सापडावं म्हणून पेटतो तो? कारण तसं बटण आणि तसले दिवे एकत्र आले की बंद केल्यावरही मिणमिणतात. निम्मी गिऱ्हाइकं तीच तक्रार घेऊन येतात."

ठिपका होता. क्लाइडनंच ती बटणं बसवली होती, रात्री व्हर्ना चाचपडू नये म्हणून.

लुपेनं समजावलं. त्या ठिपक्याला पेटायला चिमूटभर वीज लागते, आणि ती दिव्यातूनच जाते. जुन्या बल्बला तेवढ्यानं काही होत नसे. एलईडीला मात्र चिमूटही पुरते.

व्हर्ना नवे दिवे मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसली आणि रडली. नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं तिला वाटलं. मग रडणं संपलं आणि जुनी सवय जागी झाली. तक्रार आली की ती पहिल्यांदा विचारायची, हे नेमकं कधी होतं? दिवा मिणमिणतो ते कळलं. पण प्रश्न विचारल्यावरच मंदावतो, तो कसा?

पाणी कमी दाबानं येतं, अशी तक्रार असली की नेहमी एकच कारण निघे: खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडलेला असे. मग इथे नळ कोण सोडतं?

तिला शालीखालचा पट्टा आठवला. आत्मे आले की गारठा येतो, म्हणून डेल्फीन गुडघ्यांवर विजेचा शेकायचा पट्टा घेऊन बसे. तो व्हर्नाच्याच सॉकेटात लावलेला असे, बाकाखालीच पडून राही. त्याच्या वायरीवर एक मऊ रबरी बटण होतं.

व्हर्नानं भर दुपारी पडदे ओढले. बाकावर बसली, बटण मुठीत घेतलं आणि दिव्याकडे पाहिलं. तिनं विचारलं, "क्लाइड, आहेस का तू?" आणि बटण दाबलं.

दिवा मंदावला. हो.

तिनं ते बटण असं टाकलं, जणू हात भाजला.

त्या संध्याकाळी गर्दी नेहमीसारखीच जमली. डेल्फीन शाल पांघरून बसली. तिच्या नकळत व्हर्नानं पट्ट्याचा प्लग अर्धा ओढून ठेवला होता. ऑर्विलला तिनं ऑपरेशनचा तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. त्यानं विचारला. दिवा ढिम्म. डेल्फीननं पुन्हा विचारला, मग आर्जवानं विचारला. शालीखाली अंगठा दोनदा हलला, चारदा हलला. दिवा आपला स्थिर.

"इथे कुणाचं तरी मन जड आहे," डेल्फीन म्हणाली.

"माझं," व्हर्ना म्हणाली. तिनं प्लग आत ढकलला, शाल बाजूला केली आणि वायरीवरचं बटण ऑर्विलच्या हातात दिलं. "दाब."

त्यानं दाबलं. दिवा मंदावला. सोडलं, उजळला.

"आता रुथअ‍ॅनला विचार."

ऑर्विलनं विचारलं, ऑपरेशन करू? अंगठा दाबला. हो. मग विचारलं, नको करू? पुन्हा दाबला. त्यालाही हो. "एवढे दिवस मी हिच्या अंगठ्याशी बोलत होतो," तो म्हणाला.

व्हर्नानं सगळं उलगडून सांगितलं. ठिपक्याचं बटण, स्वस्तातला दिवा, थकलेली बॅटरी. पट्टा तापायला लागला की तो वीज ओढतो, बॅटरीचा दाब जरासा उतरतो आणि कसाबसा मिणमिणणारा दिवा मागे सरतो. यात परलोक कुठेच नाही. खालचा नळ आणि वरचा नळ.

डेल्फीन उठली आणि तुम्ही सगळे अंधारात राहाल म्हणाली. व्हर्नानं हात लांबवून दिव्याचं बटण सरळ चालू केलं.

सगळे खूश झाले असं नाही. ब्यूला प्रेदर नावाची म्हातारी रडत म्हणाली, "काय मिळवलंस? माझा मुलगा बोलत होता माझ्याशी."

"माझाही नवरा बोलत होता, ब्यूला. आज दुपारी मीच माझ्या अंगठ्यानं त्याला हो म्हणायला लावलं. तुझं दुःख खरं आहे, ते कुणी हिरावून घेत नाही. पण त्याच्या नावानं कुणी हो-नाही सांगायला लागलं, तर ते उत्तर कुणाच्या सोयीचं, एवढं तरी विचार."

ब्यूला खुर्ची उचलून गेली. नंतर ती व्हर्नाशी बोलली नाही.

सकाळी डेल्फीन कुणाच्या तरी गाडीत बसून डोंगरापलीकडच्या कॅम्पला गेली. डबा नेला, पट्टा विसरली. तीन-चार माणसं तिच्यामागे गेलीही.

ऑर्विलनं व्हर्नाला नवे दिवे बसवायला मदत केली. ती वायर जोडत होती, तो टॉर्च धरून उभा होता. मध्येच त्यानं विचारलं, रुथअ‍ॅन खरोखर असती तर काय म्हणाली असती?

"मला नाही माहीत," व्हर्ना म्हणाली. "आणि जो माहीत आहे म्हणेल त्याला दारात उभं करू नकोस. डॉक्टरला विचार, मुलीला विचार, मग तूच ठरव. घाबरलास तरी चालेल."

त्यानं ठरवलं. मुलगी येऊन त्याला घेऊन गेली. नवी झडप बसली, बरं व्हायला मात्र महिने लागले.

व्हर्नानं तो टपरीवरचा दिवा, ठिपक्याचं बटण आणि तो पट्टा एका फळीवर ठोकले, जुनी बॅटरी ट्रकमध्ये टाकली आणि डोंगरापलीकडचा कॅम्प गाठला. डेल्फीनच्या नव्या गर्दीसमोर तिनं स्वतःची खुर्ची मांडली. कुणी तिला निघून जायला सांगितलं, कुणी शिव्या घातल्या. ती हलली नाही. जो जवळ आला त्याच्या हातात तिनं ते बटण दिलं.

"दाबून बघा," ती प्रत्येकाला सांगत होती. "मी सांगते म्हणून मानू नका, ती सांगते म्हणूनही मानू नका. स्वतः दाबा, स्वतः बघा. आणि ज्यांना डॉक्टरांनी बोलावलंय, त्यांनी उद्या सकाळी फोन करा."